एकेक घर चालणारी प्यादी

२५ ऑक्टोबर १९८७, नशिराबाद

जायचं ठरलं! बुधवारी धुळे!

आईनं स्वतः होऊन 'जाय' म्हटलं, हे अजून खरं वाटत नाही. गेल्या आठवड्यापर्यंत तिचं एकच पालुपद चालू होतं, "पोरीच्या जातीनं बाप्यायच्या समोर बसून उंट-घोडे नाचवावं का?" काल भाऊबीजेला धुळ्याहून भिकूमावशी आली, दोघी बहिणी स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजल्या, आणि आई एकदम पालटली. मावशीकडे राहायचं, रोज जेवणाचा डबा मावशी हॉलवर पोचवणार, सगळं ठरवूनसुद्धा टाकलं. शिवाय माझ्या पिशवीत स्वतःची अबोली साडी घडी करून ठेवली. मी म्हटलं, "अगं, तिथं साडी कोण बघतंय? सगळे पटाकडे बघतात." तर म्हणाली, "बघतीन माय, बघतीन."

आईला अखेर माझ्या खेळाची किंमत कळली म्हणायची.

मात्र अट घातलीच. खानदेशातून पुण्याच्या राज्य स्पर्धेला एकच जण जाणार. ती जागा मला मिळाली तर पुढे खेळायचं. नाही मिळाली तर ही शेवटची स्पर्धा, पट माळ्यावर. नानांनी मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला, पण आईपुढे नानांचं काय चालतं! मी 'कबूल' म्हणून मोकळी झाले. 

२८ ऑक्टोबर, धुळे

पहिली फेरी जिंकले आणि पहिली फजितीही करून घेतली.

समोर एक वकील होते. डाव रंगात आला, मी घोडा टाकला आणि सवयीनं खणखणीत आवाजात ओरडले, "शह!" सगळा हॉल दचकला. एका गृहस्थांच्या हातातली कपबशी निसटता निसटता वाचली. पंच धावत आले नि म्हणाले, "बाई, इथे शह मनात द्यायचा." आता मारुतीच्या पारावर नाना आणि तोताराम काका यांच्यात बसून जी खेळायला शिकली, तिला मनातला शह कसा माहीत असणार? काका तर शह देताना मांडीवर थाप मारतात.

वकील माझ्या सुरुवातीलाच हसले होते. पारावरच्या देशी डावात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालतं. इथे दोन घरं टाकता येतात हे मला ठाऊक आहे, पण हात पुढे जात नाही. मी आपली एकेक घर प्यादी सरकवली, त्यांच्या आडोशाला उंट कोपऱ्याजवळ लपवला, राजाला घरात बसवलं आणि मधलं सगळं रान वकिलांना मोकळं सोडलं. ते ऐसपैस पसरले. मग मी खालून त्यांचं एकेक प्यादं कुरतडलं. शेवटी त्यांचं हसू कुठे गेलं कोण जाणे.

डाव संपल्यावर एक उंच, जरा वाकून चालणारा माणूस जवळ आला. म्हणाला, "किंग्ज इंडियन बचाव चांगला खेळता तुम्ही. कुठल्या पुस्तकातून केला?"

मी म्हटलं, "इंडियन आहे खरा, पण नशिराबादचा."

तो इतका मोकळेपणी हसला की पंचांनी त्यालाही गप्प केलं. अभिमन नाव. इथल्या पाटबंधारे खात्यात आहे, चार वर्षं पुण्याची जागा त्याचीच. म्हणजे हाच माझा शत्रू. लक्षात ठेवायला हवं.

२९ ऑक्टोबर

दोन फेऱ्या, दोन विजय. पारावर हे कळलं तर काका साखर वाटतील.

इथल्या लोकांना बुद्धिबळाचं काय वेड आहे! मावशीची एक मैत्रीण, धुरपदाबाई, काल आणि आज दोन्ही दिवस हॉलवर आल्या. बायकांत आम्ही दोघीच. माझ्या पटापासून हलल्या नाहीत. मधल्या वेळात मला शेजारी बसवून घेतलं.

"ये पोरी, आठे बस. किती शिकेल शे तू?"

"बी.ए., डी.एड. शाळेत शिकवते."

"कळण्यानी भाकर येस का तुले?"

मी म्हटलं, ज्वारी-उडदाची ती भाकरी येते, पण कडेला जरा फाटते. त्यावर त्यांनी मान हलवली, मला उभं करून पुन्हा बसवलं आणि चष्मा लागतो का ते विचारलं. डोळ्यांवर ताण येत असेल अशी काळजी वाटली असणार. जाताना म्हणाल्या, "तुना बठ्ठा डाव मी दखसू." म्हणजे माझा सगळा डाव बघणार! इतकी रसिक बाई मी पाहिली नाही. घोडा अडीच घरं चालतो हेसुद्धा त्यांना माहीत नाही, तरी चार तास बसतात.

३० ऑक्टोबर

हरले. माझ्याच मूर्खपणानं.

सकाळी अभिमननं त्याच्याकडचं मॉस्कोचं जाडजूड पुस्तक दाखवलं. मोठे मोठे खेळाडू पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं टाकतात. मला वाटलं, आपणही जरा आधुनिक व्हावं. टाकलं दोन घरं! एखाद्यानं उघड्या दारातून घर लुटावं तसं समोरच्या नंदुरबारच्या मुलानं मला लुटलं.

व्हरांड्यात जाऊन रडणार होते. तेवढ्यात अभिमन दोन कप चहा घेऊन आला. "चूक माझी. पुस्तक दाखवायला नको होतं," म्हणाला.

"तुम्ही मुद्दाम दाखवलंत. मी शर्यतीतून बाद व्हावं म्हणून."

त्याचा चेहरा असा पडला की मला माझेच शब्द परत घ्यावेसे वाटले. मग त्यानं खिशातला छोटा पट काढला आणि आम्ही तो हरलेला डाव पहिल्यापासून लावून बघितला. तो चहा बशीत ओततो आणि चाल सुचली की बशी तशीच हातात धरून बसतो. साय धरते, तरी पीत नाही. बोटं लांब आहेत. प्यादं उचलताना जणू ते झोपलेलं आहे अशा बेतानं उचलतो. हे सगळं मी का लिहिते आहे? शत्रूच्या सवयी टिपून ठेवाव्यात, एवढ्यासाठीच.

आणि एक उलगडा झाला. धुरपदाबाई या अभिमनच्या आई! म्हणूनच त्यांना बुद्धिबळाचं एवढं वेड. मुलगाच एवढा खेळतो म्हटल्यावर घरात दुसरं काय बोलत असतील?

संध्याकाळचा डाव पुन्हा एकेक घरानं खेळले आणि जिंकले.

३१ ऑक्टोबर

सकाळचा जिंकला. दुपारचा जिंकला! नंदुरबारचा मुलगा हरला. आता वरती दोघंच उरलो, अभिमन आणि मी. तो अर्ध्या गुणानं पुढे. उद्या शेवटची फेरी आणि डाव आमचा दोघांचाच. मी जिंकले तर पुणे माझं. हरले किंवा बरोबरी झाली तर त्याचं, आणि माझा पट माळ्यावर.

मावशीनं नशिराबादला ट्रंक कॉल करवला. आई आणि नाना सकाळच्या गाडीनं निघणार आहेत. आई! डाव बघायला! मला तर काही सुचेनासं झालं आहे.

१ नोव्हेंबर

जिंकले! जिंकले! जिंकले!

आज सगळं लिहायचंच.

आई नवी नऊवारी नेसून आली होती. हॉलच्या दारात तिनं मला बाजूला घेतलं, अबोली साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि म्हणाली, "जास्त ताणू नको माय. बरोबरीत सुटलं तरी चालीन. समोरच्याचा मान ठेवजो."

मी थक्क झाले. 'बरोबरी' हा शब्द तिला नानांनीच शिकवला असणार. मी तिला समजावलं की बरोबरी झाली तर पुणं जातं. ती म्हणाली, "जाऊ दे ना मग पुणं. पुण्यापेक्षा मोठं काही राहते की नाही?" आई खेळाचा विचार किती खोलवर करू लागली आहे! नाना मात्र आत यायला तयारच होईनात. "तुले वाटीन तसं खेळ," एवढंच म्हणाले आणि बाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

अभिमनची पांढरी, माझी काळी. त्यानं मधल्या फळीत प्यादी अशी दामटली की वाटलं, माझ्या अंगावर भिंतच येते आहे. मी एकेक घर चालत राहिले. उंट कोपऱ्याजवळ, राजा घरात. मग घोड्यानं त्याच्या मधल्या प्याद्याला टोचलं. त्यानं वजीर काढला. मी हत्ती आणला. लोक खुर्च्या सरकवून आमच्याभोवती जमले. पहिल्या रांगेत आई आणि धुरपदाबाई मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, जुनी ओळख असावी तशा.

मधेच अभिमननं हळूच विचारलं, "बरोबरी?"

मी वर पाहिलं. तो दमलेला दिसत होता, आणि त्याच्या डोळ्यांत कसलीही चलाखी नव्हती. मागून आई जोरजोरात मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण. एक क्षण, अगदी एकच क्षण, मलाही वाटलं की म्हणावं हो, म्हणजे या माणसाला वाईट वाटणार नाही. मग स्वतःचाच राग आला. "नाही," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच निघालं.

त्यानंतर मारामारी झाली. वजीर गेले, हत्ती गेले, घोडे गेले. शेवटी पटावर उरले दोन राजे, त्याचं एका कडेचं प्यादं आणि माझं दुसऱ्या कडेचं प्यादं. त्याचा राजा आपल्याच प्याद्याच्या वाटेत उभा राहून कोपऱ्यात अडकला होता. माझा राजा त्याला बाहेर पडू देत नव्हता. आणि माझं प्यादं सुटलं होतं पळत! एक घर, अजून एक घर. माझ्या घड्याळातली लाल पताका उचलली गेली होती, कुठल्याही क्षणी पडली असती, की वेळ संपून हार. अभिमननं राजा कोपऱ्यातून एक घर पुढे, स्वतःच्या प्याद्याला चिकटून ठेवला. मी प्यादं शेवटच्या घरात ढकललं, पटाशेजारी ठेवलेल्या मेलेल्या मोहऱ्यांत हात घातला आणि नवं मोहरं ठेवून घड्याळ दाबलं.

मग बघितलं. हत्ती!

मी हत्ती ठेवला होता! इथल्या नियमानं प्यादं कुठल्याही घरात पोचलं तरी वजीर घेता येतो. वजिराहून मोठं काय आहे? शाळेतल्या पोरांना मीच हे शिकवते. पण पारावर तसं नसतं. पारावर प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच होतं. हत्तीच्या घरात पोचलं की हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. लहानपणापासून हात तेच करत आला, आणि घाईत डोक्याला न विचारता त्यानं तेच केलं. लोकांतून "अरे रे" असा आवाज आला. ठेवलेलं मोहरं परत उचलता येत नाही. माझे डोळे भरून आले. आता हॉलमधून पळून जावं आणि थेट तापीत उडी मारावी असं वाटलं.

अभिमन पटाकडे बघत होता. मग माझ्याकडे. मग पुन्हा पटाकडे. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, त्यानं आपला राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

मला वाटलं, दया आली त्याला. पंचांनी सगळ्यांना समजावलं तेव्हा कुठे मला कळलं. त्यानं राजा तिथे ठेवला तो सापळा होता. मी वजीर ठेवला असता तर त्याच्या राजाला शह बसला नसता, आणि चालायला एकही घर उरलं नसतं. तसं झालं की डाव बरोबरीत सुटतो. हत्ती तिरका मारत नाही, म्हणून कोपऱ्याचं एक घर मोकळं राहिलं. राजाला तिथे जावंच लागलं असतं, आणि मग थोड्याच चालींत मात. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. "काय नजर आहे! वजीर सोडून हत्ती!" वकील तर माझ्याकडून सही मागायला आले. मी नुसती हसत राहिले. काय सांगणार?

बाहेर धावत गेले. नानांना काहीच विचारावं लागलं नाही. त्यांनी लिंबाखाली स्वतःच्या मांडीवर थाप मारली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण धुरपदाबाई चहा न घेताच निघून गेल्या, आणि आईचा चेहरा कुणी घरातलं गेल्यासारखा झाला होता. मी विचारलं तर म्हणाली, "गाडीत सांगते."

२ नोव्हेंबर, नशिराबाद

गाडीत सांगितलं. एरंडोल येईपर्यंत आईनं सगळं सांगून टाकलं, आणि तिथून जळगावपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तो बघण्याचा कार्यक्रम होता! स्पर्धाभर चालू होता! शिक्षण, चष्मा, कळण्याची भाकरी! आणि मी त्या बाईंना बुद्धिबळाच्या रसिक समजत होते. स्वतःच्या अकलेची अशी कीव मला कधी आली नव्हती.

"तुम्ही मला विचारलं का?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू गेली असती का?" आईनं डोळे पुसले. "त्यायले पसंत होती तू. चांगलं घर, चांगला पोरगा. आन् तू साऱ्या गावासमोर त्यालेच हरवलं!"

"त्याला माहीत होतं?"

आईला ठाऊक नव्हतं. माझ्या मनात मात्र तेवढंच फिरतं आहे. त्याला माहीत होतं? तो चहा, ते पुस्तक, तो खिशातला पट, हे सगळं बघण्याच्या कार्यक्रमातलं होतं? तसं असेल तर बरं झालं हरवलं. शंभर वेळा हरवीन.

१० नोव्हेंबर

धुळ्याहून निरोप नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. तोताराम काकांनी पारावर हत्तीची गोष्ट इतक्या जणांना सांगितली की आता तिच्यात दोन हत्ती झाले आहेत. पुण्याची तयारी चालू आहे. म्हणजे पट मांडून बसते आणि दाराकडे बघते.

१५ नोव्हेंबर

आज दुपारी पारावरून पोरगं धावत आलं की धुळ्याचा पाहुणा आला आहे आणि काकांशी देशी डाव खेळतो आहे. जाऊन बघते तर अभिमन! कोणी वडीलधारं सोबत नाही, काही नाही, एकटाच. काकांनी त्याचा धुव्वा उडवला होता, कारण तो पुन्हा पुन्हा प्यादं दोन घरं टाकायचा आणि भोवतीचे म्हातारे ओरडायचे, "मांगं घ्या, मांगं घ्या!"

घरी आला. आईनं घाईघाईनं पोहे टाकले. तो मला म्हणाला, "मला शेवटच्या दिवशी सकाळी कळलं. आईनं हॉलवर जाता जाता सांगितलं. तुम्हालाही माहीत असेल असं वाटलं, म्हणून बरोबरी विचारली. तुम्ही 'नाही' असं ओरडलात, तेव्हा कळलं की तुम्हाला काहीच माहीत नाही."

माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. तरी एक उरलं होतं. ते न सांगता त्याच्यासमोर बसवेना. "तो हत्ती," मी म्हटलं, "मी काही बघितलं नव्हतं. पारावरची सवय. हात चुकला."

"माहीत आहे मला. हत्ती ठेवल्यावर तुमचा चेहरा समोर मीच बघत होतो. ढसाढसा रडायच्या बेतात होतात तुम्ही."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"हरलो मीच होतो. ज्या सवयीनं हरवलं, ती आधी समजून घ्यावी म्हटलं. मी देशी डाव शिकायला आलो आहे." मग म्हणाला, "आईचं म्हणणं आहे, लग्नानंतर स्पर्धा नकोत. म्हणते, 'एक घरमा दोन राजा कसा ऱ्हातीन?'"

आई पोह्यांची बशी धरून दारातच उभी राहिली.

"मी खेळणं सोडणार नाही," मी म्हटलं.

"मी आईला म्हटलं, दोन राजे असतात म्हणून तर डाव होतो. एकटा राजा घेऊन कुणी खेळतं का? तिनं अजून ऐकलेलं नाही. ऐकेल. तुमचं काय ते तुम्ही ठरवा."

"पुण्याहून आल्यावर सांगते."

नाना बाहेरून मोठ्यानं खोकले. ते हसू लपवताना असंच खोकतात.

२१ नोव्हेंबर, पुणे

पहिली फेरी जिंकले! नागपूरचा नावाजलेला खेळाडू होता. त्यानं घोड्याचा असा सुंदर बळी दिला की मला घामच फुटला. पण मी राजाला एकेक घर चालवत नेलं, अगदी पटाच्या मधून, आणि वाचले. असा डाव मी जन्मात खेळले नव्हते. संपताच चालींचा कागद घेऊन व्हरांड्यात धावले, कुणाला तरी आत्ताच्या आत्ता दाखवायला हवा म्हणून.

नाना तिथे पायरीवर बसले होते. मी त्यांच्या अंगावरून पुढे धावत गेले. फाटकापाशी पोचल्यावर थांबले, कारण ज्याला दाखवायला मी धावत होते तो धुळ्याला, पाटबंधारे खात्याच्या कचेरीत बसलेला होता.

मला अभिमन आवडतो. झालं, लिहिलं. आई नको, मावशी नको, होकाराचं पत्र मीच लिहिणार, आणि स्पर्धा खेळणार आहे हे पहिल्या ओळीत लिहिणार. दुसऱ्या फेरीची घंटा झाली, जाते.